पैठणच्या वाड्यांत एक दिवस

चितेगांव हें प्रवासवर्णनांत नांव यावें असें गांव नव्हे. छत्रपति संभाजीनगराहून (2023 सालापर्यंत आपण ज्यास औरंगाबाद म्हणत होतों) पैठणकडे जाणाऱ्या सडकेवर सुमारें वीस किलोमीटरांवर तें लागतें. गाडी येथें थांबते ती चहासाठीं. पाहण्यासाठीं म्हणून कोणी थांबत नाहीं. कारखान्यांचीं पत्र्याचीं छपरें, कामगारांसाठीं घाईनें बांधलेल्या खोल्यांच्या ओळी, आणि त्यांच्यामागें अजून शिल्लक राहिलेलीं कपाशी-तुरीचीं शेतें, इतकेंच येथलें दृश्य. दूरचित्रवाणीचे संच बनविणारा व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना एके काळीं येथें चालत असे. त्या भरभराटीच्या दिवसांत गांव सडकेच्या दोन्ही अंगांस वाढलें. मीही पोटामागें त्याच सुमारास येथें आलों, आणि तीन खोल्यांचें स्लॅबचें घर बांधून राहिलों. वैशाखांत दुपारीं त्या घरांत बसवत नाहीं, ही एक गोष्ट सोडली तर त्या घराविरुद्ध माझी कांहीं तक्रार नाहीं.

आमचें मूळ घर मात्र पैठणास. गोदावरीच्या कांठच्या उंचवट्यावर आमचा दोन चौकी वाडा आहे. गेलीं अठरा वर्षें तेथें कोणी राहत नाहीं. वर्षांतून एकदां, नाथषष्ठीस, कोणी तरी जाऊन कुलूप काढतो, दिवा लावतो, आणि पुन्हा कुलूप घालतो. गेल्या फाल्गुनांत त्या वाड्यासंबंधीं एक कागद माझ्याकडे आला. वाडा पाडावा, लांकूड निराळें विकावें, जागा निराळी विकावी, आणि येईल ती रक्कम वांटून घ्यावी, असा त्याचा मजकूर. खालीं चौदा वारसांचीं नांवें होतीं. बारांनीं सह्या केल्या होत्या. उरल्या दोन, एक माझी, व दुसरी माझ्या आत्याबाईंची.

कागदाबरोबर माझ्या पुतणीचें पत्र होतें. ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहरीं असते. ब्रायटनला लागूनच होव्ह आहे, व आतां दोहोंचें मिळून एकच शहर झालें आहे. त्या होव्ह भागांत ब्रन्सविक स्क्वेअर म्हणून एक चौक आहे. चार्ल्स बझबी नांवाच्या स्थपतीनें 1820 च्या दशकांत तो आंखला. मध्यें बाग, तीन बाजूंस एकमेकांस खेटून उभीं असलेलीं उंच घरें, चौथ्या बाजूस समुद्र. प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीस अर्धगोल फुगवटा, त्यांत लांबट खिडक्या, वर गिलाव्याचे खांब. आंतलें घर कोणाचेंही असो, बाहेरचा रंग मालकाच्या लहरीवर सोडलेला नाहीं. ठराविक मुदतीनें सर्वांनीं एकाच मलईसारख्या रंगानें घर रंगविलेंच पाहिजे, असा तेथें दंडक आहे.

त्याच शहरांतला रॉयल पॅव्हिलियन नांवाचा राजवाडा तर आपल्याकडच्या माणसानें पाहून हंसावें कीं अभिमान धरावा असा आहे. जॉन नॅश यानें 1815 ते 1822 या काळांत राजपुत्र जॉर्जसाठीं तो वाढवून बांधला. बाहेरून घुमट आणि मिनार हिंदुस्थानी थाटाचे, आंत सजावट चिनी, आणि राहणारा इंग्रज! पुढें राजघराण्यास तो नकोसा झाला व पाडला जाण्याच्या बेतास आला, तेव्हां 1850 मध्यें गांवानेंच तो विकत घेऊन राखला. पहिल्या महायुद्धांत, 1914 ते 1916 पर्यंत, फ्रान्सच्या रणांगणावर जखमी झालेल्या हिंदी शिपायांचें रुग्णालय याच घुमटांखालीं होतें, आणि निरनिराळ्या धर्मांच्या व जातींच्या शिपायांसाठीं तेथें नऊ स्वयंपाकघरें चालत. जे वांचले नाहींत त्यांतील 53 हिंदु व शीख जवानांवर गांवाबाहेरच्या टेकडीवर अग्निसंस्कार झाले. त्या जागीं 1921 मध्यें उभारलेली पांढऱ्या संगमरवराची इमारत आजही ‘छत्री’ याच नांवानें ओळखली जाते.

इतकें सर्व लिहून झाल्यावर पत्राच्या शेवटीं मुलीनें लिहिलें होतें, “काका, मीं सही पाठविली आहे. येथून वाड्याचें मीं काय करणार? पण रोज हीं घरें पाहतें आणि ती सही मनांत सलते. तुम्ही सही करण्यापूर्वीं वाडा एकदां पाहून या.”

मुलीचें म्हणणें मला पटलें. परंतु वाडा एकट्यानें पाहण्यांत अर्थ नव्हता. त्या वाड्याची खरी माहिती असलेलें एकच माणूस आतां हयात आहे. आत्याबाई चौऱ्यायशी वर्षांच्या. जन्म त्याच वाड्यांतला, आणि लग्न होईपर्यंतचें सारें आयुष्य तेथेंच गेलेलें. आजोबा वारले ते 1956 चा वारसा कायदा झाल्यानंतर. त्या कायद्यानें मुलीलाही बापाच्या मिळकतींत हिस्सा मिळाला. राहत्या घराची वांटणी आपण होऊन मागण्याचा अधिकार मात्र मुलींना 2005 च्या दुरुस्तीपर्यंत नव्हता. म्हणजे ज्या घरांत त्या वाढल्या, त्या घराविषयीं आत्याबाईंचें मत कोणी विचारावें याला त्यांच्या वयाचीं चौसष्ट-पासष्ट वर्षें उलटावीं लागलीं. त्या शहरांत गुलमंडीजवळ मुलाकडे असतात. एका रविवारीं पहाटे मी त्यांना आणावयास निघालों.

गुलमंडीहून जवळच पैठण दरवाजा आहे. पैठणची वाट त्या दरवाजांतून निघते, म्हणून त्याचें तें नांव. मलिक अंबरानें 1610 सालीं खडकी येथें आपली राजधानी वसविली. मोंगलांवरील विजयाची खूण म्हणून 1612 मध्यें त्यानें बांधलेला भडकल दरवाजा अजून उभा आहे. पुढें औरंगजेबानें 1682 मध्यें शहराभोंवतीं तट घातला. बावन्न दरवाजांचें शहर अशी त्याची ख्याति. आज त्यांतले मोजकेच शिल्लक आहेत, आणि जे आहेत त्यांच्या कमानींखालून मोटारी कशाबशा अंग चोरून जातात. डोंगरांतून मातीच्या नळांनीं आणलेलें पाणी उंचावरून पाडून त्यावर दळण दळणारी पाणचक्की प्रवासी आवर्जून पाहतात. बीबीचा मकबरा तर सर्वांच्या परिचयाचा आहे. अताउल्ला हा त्याचा स्थपति आणि हंसपत राय हा अभियंता. खर्च 6,68,203 रुपये 7 आणे झाल्याची नोंद आहे. बादशाही खर्चाचा आण्यापर्यंतचा हिशेब टिकला, आणि इमारतही टिकली.

राजेरजवाड्यांच्या इमारतींना पाहारेकरी असतात, तिकीट असतें, खात्याचा फलक असतो. राहत्या घरांना यांतलें कांहींच नसतें. पदमपुरा, करणपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा हीं या शहरांतल्या वस्त्यांचीं नांवें मोंगल फौजांबरोबर आलेल्या रजपूत व बुंदेले सरदारांचीं. पहाडसिंगपुऱ्यांतला सोनेरी महाल संग्रहालय म्हणून उभा आहे. बाकीच्यांचीं बहुतांशीं नांवेंच उरलीं. सरदारांच्या हवेल्यांची ही कथा, मग आमच्यासारख्या वतनदार कुलकर्ण्यांच्या वाड्याची काय कथा, असें मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

आत्याबाई तयार होऊन बसल्याच होत्या. नऊवारी, हातांत काठी, पिशवींत पाण्याची बाटली आणि दशम्या. चितेगांवास आमच्या घरीं चहासाठीं थांबलों. त्या आमच्या घरीं प्रथमच येत होत्या. स्वयंपाकघरांत उभ्या राहून त्यांनीं चहूंकडे पाहिलें आणि म्हणाल्या, “किती उजेड आहे रे तुझ्या घरांत!”

“उन्हाळ्यांत भट्टी होते, आत्याबाई. वाड्यासारखा गारवा कोठला येथें!”

त्या कांहीं बोलल्या नाहींत. खिडकीशीं उभें राहूनच त्यांनीं चहा घेतला.

बिडकीन मागें पडलें, ढोरकीन मागें पडलें. नव्या औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते बिडकीनजवळ शेतांतून सरळ रेषेंत गेलेले दिसतात. त्यांवर घरें अजून थोडीं आहेत. ऊन चढूं लागलें तसें क्षितिजावर जायकवाडीच्या बांधाची लांब आडवी रेघ दिसूं लागली, आणि आम्ही पैठणांत शिरलों.

पैठण हें नगर किती जुनें हें वाचकांस सांगावयास नको. सातवाहनांचें प्रतिष्ठान तें हेंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानें लिहून ठेवलें आहे कीं, भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे व तेथून गाड्या भरभरून गोमेदासारखे दगड बंदराकडे जातात. जुनें गांव पांढरीच्या टेकाडावर वसलेलें आहे. शेंकडों वर्षें घरावर घर पडत गेलें आणि त्या मातीवर पुन्हा घर उठत गेलें, म्हणून टेकाड. येथल्या बोळांतून चालतांना आपण कोणाच्या तरी माळवदावरून चालत आहों असा भास होतो तो कांहीं खोटा नाहीं.

पेशवाईंत येथें सावकारांचीं मोठीं घराणीं नांदत होतीं. 1760 सालच्या अखेरीस, पानिपताच्या अगदीं तोंडावर, नानासाहेब पेशव्यांनीं दुसरें लग्न केलें तें पैठणच्या वाखरे सावकारांच्या मुलीशीं. रेशमाचा व जरीचा व्यापार, काशी-रामेश्वराच्या यात्रेकरूंच्या हुंड्या, आणि ब्रह्मवृंदास मिळालेलीं अग्रहारें, या तीन गोष्टींवर येथले वाडे उभे राहिले. त्यांतले कांहीं अजून उभे आहेत. बोळांत उभें राहून वर पाहिलें म्हणजे लांकडी हस्तांवर तोललेला वरचा मजला पुढें आलेला दिसतो, गणेशपट्टीवरचें कोरीव काम दिसतें, आणि दोन वाड्यांमध्यें एखादी नवी चार मजली काँक्रीटची इमारत सर्वांच्या डोक्यावरून नदीकडे पाहत असते.

आमच्या वाड्याचें कुलूप गंजलें होतें. तें निघेपर्यंत आत्याबाई दगडी ओट्यावर बसल्या. मीं वाडा आजवर अनेक वेळां पाहिला होता, पण ‘हा आतां जाणार’ अशा दृष्टीनें तो त्या दिवशीं प्रथमच पाहिला.

जोतें काळ्या घडीव दगडाचें, पुरुषभर उंच. त्यावर चपट्या भाजलेल्या विटांची भिंत, तीन हात जाड. दिंडी दरवाजा सागाचा, लोखंडी खिळ्यांचा. त्याच्यामागें भिंतींत सरकून बसणारा अडसर. आंत पहिला चौक व त्याच्या तिन्ही बाजूंस ओसरी. ओसरीचे खांब सुरूच्या झाडासारखे खालीं फुगीर व वर निमुळते, प्रत्येकाच्या पायाशीं दगडी तळखडा, आणि माथ्यावर केळफुलाच्या आकाराचें कोरीव काम. चौकांत तुळशीवृंदावन व आड. चौकांतून तापलेली हवा वर निघून जाते आणि बोळाच्या सावलींतली थंड हवा दरवाजांतून आंत ओढली जाते. जाड भिंती व मातीचें माळवद ऊन आंत येऊं देत नाहींत. बाहेर चैत्राचें ऊन रणरणत होतें, आणि ओसरीवर, कोणतेंही यंत्र नसतांना, अंगावर शिरशिरी यावी असा गारवा होता.

मागला चौक पाहिला आणि जीव कासावीस झाला. माळवदाचें घर एका गोष्टीवर जगतें: दरवर्षीं मृगापूर्वीं त्यावर पांढरी माती पसरून चोपली पाहिजे. दोन माणसांचें चार दिवसांचें काम. तें दोन-तीन वर्षें चुकलें म्हणजे पाणी मातींत मुरतें, भिंतींत शिरतें, आणि तुळईचें भिंतींत बसलेलें टोंक कुजूं लागतें. वरून तुळई धडधाकट दिसते; एके रात्रीं आवाज होतो आणि खण खालीं येतो. मागल्या चौकाचे पांच खण असे खालीं आले होते. ढिगाऱ्यावर रुईचीं झाडें उगवलीं होतीं. शत्रूनें पाडलें नव्हतें, पुरानें नेलें नव्हतें. चार दिवसांचें काम करावयास चौदा वारसांपैकीं एकाही वारसास सवड झाली नव्हती. त्या चौदांत मीही होतों, आणि चितेगांव येथून अवघें तासाभराच्या वाटेवर आहे.

ओसरीवर परत येऊन मीं आत्याबाईंना म्हटलें, “पुढचा चौक अजून भक्कम आहे. आत्याबाई, हें पाडायचें म्हणजे जिवावर येतें. तुम्हांला काय वाटतें?” त्यांच्या डोळ्यांत पाणी उभें राहील अशी माझी खात्री होती.

“पाडा,” त्या म्हणाल्या.

मी चकित होऊन पाहत राहिलों. त्यांनीं काठी टेकीत मला माजघराच्या दाराशीं नेलें. “जा, आंत उभा राहा.”

मी आंत गेलों. दार सोडून त्या खोलीस दुसरी वाट नव्हती. एका भिंतींत धान्याच्या बळदाचें तोंड, दुसऱ्या भिंतींत कोनाडे, आणि पलीकडे स्वयंपाकघराचें दार. क्षणभर मला कांहींच दिसलें नाहीं. हळूहळू तुळया दिसूं लागल्या. शंभर-दीडशें वर्षांच्या धुरानें त्या डांबरासारख्या झाल्या होत्या.

“तुला ओसरी आठवते, कारण तूं ओसरीवर खेळलास,” आत्याबाई दारांतूनच बोलत होत्या. “दादा, नाना, तुझे वडील, सगळे ओसरीवर. पुस्तकें ओसरीवर, पाहुणे ओसरीवर, वारा ओसरीवर. आमचें राज्य येथून पुढें. थोरल्या काकू सोळाव्या वर्षीं आलवण नेसल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीं गेल्या. बेचाळीस वर्षें, लेकरा, ह्या खोलींत आणि त्या चुलीपुढें. नदी भिंतीपलीकडे वाहते, पण ती त्यांनीं पाहिली ती पहाटे अंधारांत स्नानाला जातांना तेवढीच. मी एकदां वडिलांना म्हटलें, ह्या भिंतींत खिडकी पाडूं या. ते म्हणाले, घराची आब जाईल. तुमच्या कोरीव खांबांचें मला काय कौतुक सांगतोस?”

मला उत्तर सुचेना. थोड्या वेळानें त्याच पुन्हां म्हणाल्या, “खोटें कशाला बोलूं, ह्या काळोखानें एकदां आम्हांला राखलेंही आहे. रझाकारांच्या वर्षीं, अठ्ठेचाळीस सालीं, मी सात वर्षांची. दिंडीला अडसर घालून पुरुषमाणसें चौकांत जागत, आणि आम्हां मुलींना आई बळदाच्या तोंडाशीं निजवी. बाहेर कांहीं वाजलें कीं आंत उतरायचें, असें शिकविलें होतें. मग सप्टेंबरांत फौज आली, आणि त्या दिवशीं दिंडीची दोन्ही दारें सताड उघडलीं. इतका उजेड मीं त्या घरांत त्यापूर्वीं पाहिला नव्हता.”

दशम्या खाऊन आम्ही गांवांतल्या नाथांच्या वाड्यांत गेलों. आमच्या वाड्यापासून तो फार दूर नाहीं. एकनाथ महाराजांचा काळ 1533 ते 1599. त्यांच्या राहत्या घराचें आज मंदिर झालें आहे. तेथें विजयी पांडुरंगाची मूर्ति आहे, आणि श्रीखंड्याच्या रूपानें देवानें ज्यांत पाणी वाहिलें असें भाविक मानतात तो रांजण आहे. नाथषष्ठीच्या सुमारास तो रांजण गोदावरीच्या पाण्यानें भरण्याची प्रथा अजून चालू आहे. घर तेंच राहिलें, पण त्याचें रूप काळाबरोबर बदलत गेलें. कोठें नवा खांब आला, कोठें फरशी आली, कोठें रंग चढला. जाणकारांना त्यांतला एखादा रंग रुचणार नाहीं. परंतु घर चालतें आहे. दार उघडें आहे, चूल पेटते आहे, आणि आंत येणाऱ्यास जात विचारली जात नाहीं. ज्या पुरुषानें श्राद्धाचें अन्न अंत्यजांना वाढलें, त्याच्या घरास हेंच शोभतें. चारशें वर्षांहून अधिक काळ हें घर टिकलें याचें कारण चुना चांगला होता एवढेंच नव्हे. प्रत्येक पिढींत कोणाला तरी त्याची गरज होती. आमच्या वाड्याची गरज कोणाला आहे, हा प्रश्न त्या कागदावर कोणी विचारलाच नव्हता.

संध्याकाळीं नाथसागराच्या बांधावर गेलों. लालबहादुर शास्त्री यांनीं 1965 मध्यें या धरणाची कोनशिला बसविली, आणि 1976 मध्यें इंदिरा गांधींच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. मातीचा बांध सुमारें दहा किलोमीटर लांब. पाणी असें कीं पलीकडचा तीर दिसत नाहीं. मराठवाड्याच्या माणसाला समुद्र माहीत नाहीं तो येथें भेटतो. या पाण्याखालीं अनेक गांवें गेलीं. त्या गांवांतल्या घरांविषयीं कोणाकडे कागद गेला असेल, कोणी सही केली असेल, हें मनांत येऊन गेलें. पण त्या पाण्यावर कोरड्या मराठवाड्यांतलीं लाखों माणसें पाणी पितात आणि शेतें भिजतात. चितेगांवचा मी त्यांतलाच. जुनें जें जें तें सर्व राखावें असें म्हणण्याचा अधिकार मला नाहीं.

मीं आत्याबाईंना ब्रायटनची हकीकत सांगितली. त्यांनीं राजवाड्याचें ऐकून घेतलें, नऊ स्वयंपाकघरांचें ऐकून हंसल्या, आणि विचारलें, “त्या उंच घरांत स्वयंपाक कोठें करीत?”

योगायोगानें पुतणीनें तेंही लिहिलें होतें. ब्रन्सविक स्क्वेअरमधील तेरा क्रमांकाचें घर कांहीं लोकांनीं मनावर घेऊन जुन्या पद्धतीनें दुरुस्त करावयास घेतलें आहे, आणि तें काम कित्येक वर्षें चाललें आहे. त्या घरांत मालकांचीं दालनें मधल्या मजल्यांवर, नोकरांच्या निजण्याच्या खोल्या छपराखालीं, आणि स्वयंपाकघर व कोठ्या तळघरांत. या मंडळींनीं चौकांतल्या दुसऱ्या एका घराचें तळघरही मिळवून तें दुरुस्त केलें, कारण जेथें मोलकरणी व स्वयंपाकिणी राबत ती जागा दाखविल्याशिवाय वरच्या दालनांचें वर्णन अर्धेंच राहतें.

आत्याबाई बराच वेळ पाण्याकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, “शहाणे दिसतात. ठेवायचें तर तसें ठेवा. माजघराला नदीकडे खिडकी काढ. ती निघेपर्यंत माझी सही माझ्यापाशीं.”

घरीं आल्यावर मीं बाराही जणांना पत्रें लिहिलीं. मागला चौक पडलाच आहे, तेवढी जागा विकावी व त्या रकमेंतून पुढचा चौक दुरुस्त करावा. ओसरीवर मुलांसाठीं वाचनालय असावें, आणि षष्ठीच्या यात्रेंत वारकऱ्यांना उतरावयास जागा असावी. दरवर्षींच्या मातीचा खर्च चौदांनीं उचलावा. वर्षभरांत हें न जमल्यास मी सही करीन. चौघांनीं होकार कळविला. दोघांनीं रागावून लिहिलें, आणि त्यांतल्या एकाचा राग रास्त आहे. त्याच्या घरीं आजारपण आहे व त्याला पैशाची आज गरज आहे. त्याचा हिस्सा आधीं कसा द्यावा, या विवंचनेंत मी आहें. बाकीचे अजून गप्प आहेत. म्हणजे वाडा राहिला असें मला वाचकांस सांगतां येत नाहीं.

दोन कामें मात्र झालीं. मृगापूर्वीं पुढच्या माळवदावर पांढरी माती पडली. चोपणाऱ्या दोन गड्यांत तिसरा मी होतों. आणि एका म्हाताऱ्या गवंड्यानें माजघराची नदीकडची भिंत फोडली. त्यानें आधीं वर सागाचें सरदळ बसविलें, त्यावर भिंतीचा भार घेतला, मग खालची एक एक वीट काढली. भिंत इतकी जाड कीं दोन दिवस गेले. दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं शेवटची वीट निघाली तेव्हां उजेडाचा एक पट्टा आंत शिरला आणि समोरच्या भिंतींतल्या बळदाच्या तोंडावर जाऊन पडला. आत्याबाईंना मीं मुद्दाम बोलाविलें होतें. त्या कठड्याशीं गेल्या, काठी भिंतीला टेकवून ठेवली, आणि बाहेर पाहत उभ्या राहिल्या. धरणाखालीं नदीला पाणी थोडें होतें. वाळूंत मुलें खेळत होतीं.

“दिसते,” त्या म्हणाल्या. त्या नदीविषयीं बोलत होत्या.